गोळा मधोमध का बसत नाही?

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाल्यावर मी चाकावर भांडी घडवायला शिकते आहे. गोळा काही केल्या मधोमध बसत नाही, डगमगतच राहतो. बरोबरीची तरुण मुलं वाट्या करून घरी नेतात, माझे मात्र खांदे दुखतात. माझी ताकद कमी पडते का? सरावासाठी घरी चाक घेऊ का?
– एक वाचक, सातारा

ताई, ताकदीची शंका आधी मनातून काढून टाका. पुण्यात केशवनगरला मी ज्या कुंभारकाकांकडे शिकले, ते अंगाने अगदी काटकुळे होते, आणि भलामोठा गोळा ते सहज बसवायचे. पण चाकाला हात लावण्याआधी त्यांचा कितीतरी वेळ माती मळण्यात जायचा. तुमची अडचण बहुधा तिथेच आहे.

पिशवीतून काढलेली माती सगळीकडे सारखी नसते. कडेला घट्ट, आत मऊ. असा गोळा फिरू लागला की घट्ट भाग तळव्याला ढकलतो, मऊ भाग दबतो आणि आपल्याला वाटतं, आपलाच हात हलतोय. म्हणून मळून झाल्यावर गोळा तारेने कापा आणि कापलेल्या बाजूवरून बोट फिरवा. भोक दिसलं, गाठ लागली, तर दोन्ही अर्धे एकमेकांवर जोरात आपटा आणि पुन्हा मळा. कापल्यावर आतून सगळीकडे सारखी दिसेपर्यंत हेच करायचं. पोळीच्या कणकेहून माती किंचित घट्टच हवी. सैल मातीशी झटापट करण्यात नवशिक्यांचे आठवडे वाया जातात, आणि वर्गात हे कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

सुरुवातीला अर्धा-पाऊण किलोच माती घ्या. कोरड्या चाकावर गोळा मधोमध आपटा, चाक हळूहळू फिरवत थापटून गोल करा, मगच पाणी लावा. आता वेग वाढवा. तुमचं चाक घड्याळाच्या उलट फिरत असेल, तर डावं कोपर मांडीवर किंवा कमरेच्या हाडाशी पक्कं टेकवा. डाव्या तळव्याची टाच गोळ्याच्या कुशीला, उजवा हात वरून. दाब खांद्यातून द्यायचा नाही, कमरेतून पुढे झुकून द्यायचा. गोळा दोन-तीनदा शंकूसारखा वर चढवा आणि परत खाली दाबा. हात काढताना अगदी सावकाश काढा. झटकन सोडलेला हात बसलेला गोळाही हलवतो.

खांद्यांचं दुखणं बरेचदा बैठकीचं असतं. बसायचं स्टूल चाकाच्या पातळीला किंवा किंचित उंच असावं. बुटक्या स्टुलावर हात वर उचलून काम करावं लागतं आणि खांदे भरून येतात. हे बदलूनही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

मुलं वाट्या नेतात, नेऊ द्या. तुम्ही नुसती सरळ उभी नळकांडी करा आणि प्रत्येक नळकांडं तारेने उभं चिरा. खाली जाड, वर कागदासारखा, असा काप दिसेल. माती कुठे राहून गेली ते त्यातच कळतं. शिवाय बाजारातला माठ बघून मन खट्टू करून घेऊ नका. तो तेवढा पातळ चाकावर होतच नाही. चाकावर जाड घडवतात, थोडा सुकू देतात, मग आतून दगडाच्या किंवा भाजलेल्या मातीच्या गोळ्याचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापीने ठोकत ठोकत वाढवतात.

घरी चाक इतक्यात नको. माती मात्र जरूर आणा आणि रोज थोडी मळा. दोन गोष्टी सांभाळा : गाळ मोरीत ओतू नका, नळी तुंबते. बादलीत ठेवा, वरचं निवळ पाणी काढून टाका आणि खालचा गाळ जुन्या चादरीवर पसरा. आळला की परत मळता येतो. आणि सुकलेली माती झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. तिच्यात सिलिकाची बारीक धूळ असते, ती छातीला वाईट.

प्रश्न : घरच्या ओव्हनमध्ये कुंड्या भाजता येतील का?
– एक वाचक, डोंबिवली

नाही. घरचा ओव्हन जेमतेम अडीचशे अंशांपर्यंत जातो. मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेलं पाणी निघायला साधारण पाचशे-सहाशे अंश सेल्सियस लागतात. त्याआधीची कुंडी पाण्यात ठेवली की पुन्हा चिखल. साधी लाल माती बहुतेक हजार अंशांच्या आसपास भाजतात. वाटेत 573 अंशांना मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाची रचना बदलते, तिथे घाई केली तर तडे जातात.

तुमच्या भागातल्या कुंभाराला किंवा एखाद्या स्टुडिओला विचारा. अनेक जण पैसे घेऊन भट्टीत जागा देतात. तुमची माती कोणती आणि ती किती अंशांना भाजायची, हे त्यांना आधी सांगा. कुंड्या पूर्ण वाळवूनच न्या. गालाला लावून थंडगार लागली तर अजून ओल आहे. भट्टीत भांडं फुटतं ते बहुतेक वेळा या ओलीच्या वाफेने. पावसाळ्यात वाळायला आठवडाभराहून जास्तही लागेल, तेव्हा गणपतीनंतर न्यायचं ठरवलंत तरी चालेल.