आकाशगंगेतले काळे पट्टे साध्या डोळ्यांनी दिसतात का, की ते फक्त फोटोतच येतात?

दिसतात. मी पाहिलेत. जे नाही म्हणतात त्यांनी पुरेसा अंधार पाहिलेला नाही, एवढंच.

तुम्ही लिहिलंय की साताऱ्याकडच्या बामणोलीला मुक्कामी असताना मित्रानं काढलेल्या फोटोत आकाशगंगा मधोमध चिरल्यासारखी आली. तो म्हणतो हे सगळं एडिटिंगमध्ये उठून येतं, डोळ्यांना असलं काही दिसत नसतं. मी इथं वाचतो, लिहीत नाही. पण ‘डोळ्यांना असलं काही दिसत नसतं’ हे वाक्य मी 1998 साली चारचौघांत ऐकून घेतलंय, म्हणून आज लिहायला बसलो.

1997 मध्ये हेल-बॉप धूमकेतू येऊन गेला आणि साताऱ्यात बऱ्याच जणांना आकाशाचं वेड लागलं. मी त्यातलाच. आमचा एक हौशी गट होता. अमावस्येच्या जवळच्या शनिवारी जीप करून कासच्या पुढं जायचो. बारा-चौदा माणसं, एक 6 इंची दुर्बीण, दोन बायनॉक्युलर, घरचे डबे. 1998 ची चैत्र अमावस्या रविवारी होती, आम्ही आदल्या रात्री गेलो. माझा धाकटा भाऊ पहिल्यांदाच बरोबर आला होता.

त्या दिवसांत वणवे लागलेले असतात. संध्याकाळी सगळीकडं धुराचा वास होता आणि खालचे तारे दिसत नव्हते. मध्यरात्रीनंतर वारं सुटलं आणि आकाश धुतल्यासारखं स्वच्छ झालं. गट दुर्बिणीपाशी रांगेत होता, शौरी तारकासमूहातला तारकागुच्छ लावलेला. मी रांगेतून बाहेर पडलो आणि सड्यावर घोंगडी टाकून आडवा झालो. जांभा दिवसभर तापलेला, पाठीला अजून ऊब लागत होती. अर्धा तास एकही बॅटरी डोळ्यांत गेली नाही.

तीनच्या सुमारास वृश्चिक दक्षिणेला बरोबर समोर होता, त्यातला ज्येष्ठा तारा अर्ध्या आकाशावर. नांगीच्या वर आकाशगंगा इतकी दाट की तिला पोत आल्यासारखा वाटत होता. आणि त्या दाटीत एक पळी होती. काळी, आडवी. दांडी ज्येष्ठेकडं, वाटी धनूकडं. मी बघायला गेलो नव्हतो, ती आपली होती तिथं. रोखून बघितलं की विरायची, नजर जरा बाजूला नेली की परत यायची. लांबी हात लांब करून मोजली, चार बोटांएवढी भरली.

वही काढली, बॅटरीला लाल जिलेटिन बांधलं. पांढऱ्या कागदावर आकाश काढताना सगळं उलटं होतं. तारे काळे ठिपके. आकाशगंगेसाठी पेन्सिल आडवी धरून घासायची आणि बोटानं पसरायची. आणि काळा भाग? तो काढताच येत नाही, तिथं कागद कोरा ठेवावा लागतो. पळीच्या कडेनं शिसं पसरताना बोट आत जाऊ नये म्हणून मी श्वास रोखून काम करत होतो. चाळीस मिनिटं लागली. कोपऱ्यात तारीख, वेळ, आणि शेजारी ‘पळी’ असं लिहिलं, कारण तिला काही नाव आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या बैठकीत ते पान गटप्रमुखांना दाखवलं. त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढलं, एका फोटोवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना म्हणाले, “हे बघा, हुबेहूब. फोटो बघून काढलंय. डोळ्यांना असलं काही दिसत नसतं. बार्नार्डसारख्या खगोलशास्त्रज्ञाला सुद्धा फोटो काढल्यावर कळलं.” सगळे हसले. भाऊ माझ्याकडं बघत होता.

मी गप्प बसलो, ही चूक झाली. कारण ते हुबेहूब नव्हतंच. फोटोत दांडी लांब, तिच्या टोकाला बारीक फाटे. माझी दांडी अर्ध्यावर संपलेली, कारण मला तेवढीच दिसली. फोटोवरून काढलं असतं तर मी अर्धी दांडी कशाला सोडली असती? आणि इंग्रजीत तिला पाइप म्हणतात, धूम्रपानाचा. नक्कल करणारा माणूस ‘पाइप’ लिहील, ‘पळी’ का लिहील? त्यानंतर मी त्या गटात गेलो नाही.

मग मी बार्नार्डच वाचून काढला. एडवर्ड एमर्सन बार्नार्ड हा अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा गरीब घरचा मुलगा, नऊ वर्षांचा असताना फोटो स्टुडिओत कामाला लागला. 1919 साली त्यानं 182 काळ्या खुणांची यादी छापली. 1927 साली, त्याच्या मृत्यूनंतर, जो फोटोंचा संग्रह निघाला त्यात ती 349 वर गेली. हे सगळं फोटोंवरून, हे खरं आहे. पण या काळ्या जागा म्हणजे भोकं नसून ताऱ्यांच्या अलीकडं आलेलं काहीतरी आहे असं त्याच्या मनानं घेतलं ते कशावरून? 1913 च्या उन्हाळ्यात तो दक्षिणेकडच्या आकाशगंगेचे फोटो घेत होता. धनूतल्या दाट भागावर पृथ्वीवरच्याच साध्या ढगांचे लहान-लहान पुंजके आले आणि ते त्याला शाईच्या थेंबांसारखे काळेकुट्ट दिसले. दिसले, डोळ्यांनी! त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलनं दुर्बिणीतून असाच एक भाग पाहिला आणि ‘आकाशात भोक आहे’ असं म्हटलं. तेव्हा कॅमेरा जन्माला यायचा होता. पेरूतल्या इंका लोकांनी या काळ्या भागांत लामा नावाचा प्राणी ओळखला, ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांनी एमू पक्षी. त्यांच्याकडं कुठला फोटो होता?

हर्शेलचं भोक मात्र चुकलं. ते ढग आहेत, हायड्रोजन वायू आणि थोडी धूळ. धूळ वजनानं शंभरात एक भाग असेल, पण प्रकाश अडवते तीच. कण वणव्याच्या धुरातल्या कणांसारखे बारीक, म्हणून कासच्या त्या संध्याकाळी धुरानं जे केलं तेच ही धूळ मागच्या ताऱ्यांचं करते. 1930 साली ट्रम्पलर या खगोलशास्त्रज्ञानं तारकागुच्छांची अंतरं मोजून दाखवलं की ताऱ्यांमधल्या जागेत प्रकाश गिळणारं काहीतरी सगळीकडं पसरलेलं आहे. पळी सुमारे 500 प्रकाशवर्षांवर आहे. तिच्या जवळच बार्नार्ड 68 नावाचा एक छोटा ढग आहे, अर्ध्या प्रकाशवर्षाचा, आतलं तापमान शून्याखाली 260 अंशांच्याही खाली. साध्या प्रकाशात त्यात एकही तारा दिसत नाही, अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत बघितलं की मागचे तारे दिसायला लागतात. असल्याच गार अंधारात वायू आकसत जातो आणि नवे तारे जन्मतात. तुमच्या मित्राच्या फोटोतली चीर म्हणजे अशा ढगांची रांगच, हंस तारकासमूहापासून श्रवण ताऱ्यावरून भुजंगधारी तारकासमूहापर्यंत गेलेली. एडिटिंगनं ती ठळक होते, निर्माण होत नाही.

कुठून दिसेल याचं उत्तर बार्नार्डनं 1913 साली पाहिलेल्या त्या साध्या ढगांतच आहे. आकाशात एखादा ढग असेल त्या रात्री वर बघा. ढग पांढुरका, तांबूस दिसला तर तो खालच्या दिव्यांनी उजळलाय, ती जागा सोडा. ढग काळा दिसला, तारे झाकले गेल्यामुळंच कळला, तर घोंगडी अंथरा. साताऱ्यात पोवई नाक्यावर उभं राहून हे कधीच जमणार नाही. कास आता पूर्वीचं राहिलं नाही, पूर्वेला साताऱ्याची लाली चढते. पण पळी दक्षिणेला असते, त्यामुळं कासच्या पुढं बामणोलीकडं अजून जमतं. चाळकेवाडीला उंची चांगली, पण पवनचक्क्यांचे लाल दिवे डोळे अंधाराला सरावू देत नाहीत. सांगलीकडच्यांनी सांगली-मिरजेचा उजेड पाठीमागं टाकून जत किंवा आटपाडीच्या माळावर जावं. तिकडं पाऊस कमी, आकाश उघडं.

वेळ: मार्चअखेर पहाटे साडेचार, एप्रिलअखेर तीन-साडेतीन, मेअखेर दीडच्या सुमारास. नंतर पाऊस. पावसानंतर हवा स्वच्छ असते तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी पश्चिमेला हंसाकडची चीर बघा, ती पळीपेक्षा सोपी आहे. बायनॉक्युलर असेल तर श्रवणाच्या शेजारच्या ताऱ्याला लागून बार्नार्डच्या यादीतले 142 आणि 143 शोधा, दोन्ही मिळून इंग्रजी ई अक्षर होतं. दुर्बीण नेऊ नका. एवढी मोठी गोष्ट तिच्यात मावत नाही, आणि रांगेत वेळ जातो.

मित्राला कॅमेरा गाडीत ठेवायला सांगा. आधी दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांचं न बघता, कागदावर काढा. तारीख, वेळ, कोण बरोबर होतं ते लिहा. मग फोटो उघडा. जे दिसलं नाही ते फोटो बघून भरू नका, अर्धी दांडी अर्धीच ठेवा. कोणी खोटं ठरवायला आलं तर तीच उपयोगी पडते.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. चंद्र असेल तर जाऊ नका. फोनचा पडदा एकदा बघितला की अर्धा तास वाया. त्या बाजूला गवे फिरतात, एकट्यानं जाऊ नका आणि वनखात्याला विचारून जा. आणि नजर सगळ्यांची सारखी नसते. मी तेव्हा तिशीच्या आत होतो, आता मला वाटी दिसते, दांडी क्वचित. भावाला पहिल्या प्रयत्नात दिसली नाही, 2003 साली जतला दिसली. त्यानं ती कागदावर काढली आणि न विचारता माझ्या वहीत चिकटवली.

त्रिशंकूजवळची कोळशाची पिशवी, म्हणजे असाच एक काळा ढग, इथून क्षितिजापासून जेमतेम नऊ अंश वर येते. एप्रिलअखेर रात्री अकराच्या सुमारास एकदाच पुसट दिसलीय, खात्रीनं सांगत नाही. मृगातलं घोड्याचं डोकं, तोही असाच काळा ढग, मी दोन हिवाळे दुर्बिणीतून शोधलं. नाही दिसलं. म्हणून ते दिसतं असं मी लिहिणार नाही.