काकांचं डायलिसिस, डुक्कर आणि बारावीनंतरची वाट

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. तिचे काका आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. डुकरात माणसाचे अवयव वाढवतात असं तिनं वाचलं आणि आता एमबीबीएस नको, हेच करायचं म्हणते. आजी तर कानावर हात ठेवते. हे खूळ समजायचं का?
– एक पालक, ऐरोली

उत्तर: खूळ नाही. पण तिला यातलं नेमकं काय करायचंय, ते आधी विचारा. जनुकं बदललेलं डुकराचंच मूत्रपिंड माणसाला बसवणं हे एक काम. बॉस्टनमध्ये मार्च २०२४ मध्ये ते झालं. रुग्ण दोनेक महिन्यांनी वारला. माणसाचं मूत्रपिंड डुकरात वाढवणं हे काम वेगळं, आणि अजून फार कच्चं. २०२३ मध्ये चीनमधल्या ग्वांगझूच्या शास्त्रज्ञांनी डुकराच्या भ्रूणातली मूत्रपिंड घडवणारी दोन जनुकं काढली आणि त्या मोकळ्या जागी मानवी पेशी सोडल्या. असे १,८२० भ्रूण १३ डुकरिणींच्या गर्भाशयात ठेवले. अठ्ठावीस दिवसांच्या आत सगळं थांबवलं, तपासायला घेतले फक्त पाच. त्यांच्या मूत्रपिंडात निम्म्याहून जास्त पेशी माणसाच्या होत्या, पण थोड्या मेंदूतही सापडल्या. खरी अडचण तीच: माणसाच्या पेशी डुकराच्या मेंदूत जायला नकोत. हे तिला वाचून दाखवा. बाकीच्या भ्रूणांचं काय झालं, असं तिनं आपणहून विचारलं तर पोरगी संशोधनातली आहे.

‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा मात्र द्यायला लावाच. त्याच गुणांवर परळच्या मुंबई व्हेटर्नरी कॉलेजचा, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीचा, मार्गही उघडतो. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. प्रयोगातल्या डुकरिणीला भूल देणं, तिची गाभण अवस्था सांभाळणं हे व्हेटचंच काम. पेशींत रस असेल तर पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा द्यावी. पुढे पीएचडी धरून दहाएक वर्षं जातील. खासगी कॉलेजातली महागडी बायोटेक बीटेक मी तरी सुचवणार नाही.

सुट्टीत दोन दिवस जनावरांच्या दवाखान्यात उभी राहू दे. वास, रक्त, आरडाओरडा सोसला तर व्हेटर्नरी, नाहीतर आयसर.

आजींना सांगा, डुकराच्या झडपा माणसाच्या हृदयात कित्येक वर्षं बसवतायत.

आणि काकांचं नाव मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत आहे ना? प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलमार्फत झेडटीसीसीकडे, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे, नोंद होते. नसेल तर या आठवड्यात करा. लेकीचं शिक्षण होईपर्यंत त्यांना थांबवून चालणार नाही.