पुण्यात नवीन आहे, सातवा महिना चालू आहे. ओळखीचं कुणी नाही. इतर गरोदर बायका, नवीन आया कुठे भेटतील?

आधी जवळच्या अंगणवाडीत नाव घाला. ती फक्त गरिबांसाठी असते असं उगाच वाटतं. गरोदर आणि स्तनदा मातांची नोंद तिथे होतेच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. रांग मोठी, पण गप्पा तिथेच जमतात.

बाळ झाल्यावर खरी मैत्री लसीकरणाच्या दिवशी होते. ६, १०, १४ आठवड्यांच्या लशींना साधारण त्याच आया पुन्हा पुन्हा दिसतात. टोचल्यावर अर्धा तास थांबवतात, बाळं रडत असतात, आणि ‘तुमचं रात्री झोपतं का हो?’ इथून ओळख सुरू होते. नंबर तेव्हाच मागून घ्या. सल्ल्यांचा भडिमार करणाऱ्या ग्रुपमधून मात्र बिनधास्त बाहेर पडा.