शेअर केलेला प्रिंटर ‘ऑफलाइन’ का दिसतो?

प्रश्न : आमचा प्रिंटर यूएसबी केबलने एका संगणकाला जोडलेला असून तो इतर तीन संगणकांसाठी शेअर केला आहे. तो चालू असूनही कधी कधी त्या तिघांवर ‘ऑफलाइन’ दिसतो आणि काढून पुन्हा जोडावा लागतो. काय करावे?

उत्तर : दोष बहुधा प्रिंटरचा नसून तो ज्या संगणकाला जोडला आहे त्याचा असतो. तो संगणक काही वेळ वापरात नसला की स्लीप अवस्थेत जातो आणि त्याच्यामार्फत होणारी इतरांची छपाई थांबते. म्हणून विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीपसाठी ‘नेव्हर’ हा पर्याय निवडावा. तुमची तक्रार अधूनमधून उद्भवणारी असल्याने माझा पहिला संशय यावरच आहे.

त्यानेही फरक पडला नाही, तर त्याच संगणकाचे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे याची खात्री करावी, कारण ते ‘पब्लिक’ असल्यास फायरवॉल (नेटवर्कवरून येणारी जोडणी अडवणारी संरक्षक यंत्रणा) सहसा शेअरिंग अडवते. इतर संगणकांवर प्रिंटर जोडताना या संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) दिला असेल, तर राउटर तो पत्ता केव्हाही बदलू शकतो. त्याऐवजी संगणकाचे नाव द्यावे. रांगेत कामे अडकली असतील, तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मधून ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) रीस्टार्ट करून पाहावी.

प्रिंटरला स्वतःचे वाय-फाय किंवा लॅन पोर्ट (नेटवर्क केबलची खोबण) असल्यास मात्र ही सारी खटपट सोडून तो थेट राउटरला जोडावा आणि राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता राखून ठेवावा.