वाचकांचे प्रश्न : मडगार्डच्या दुमडीतला गंज

प्रश्न : गाडी आठ वर्षांची आहे. गगनबावडा-कोल्हापूर रोजची ये-जा. मागच्या चाकावरच्या मडगार्डच्या काठाला रंगाचे फोड आलेत. गॅरेजवाले म्हणतात, अंडरकोटिंग (गाडीच्या खालच्या पत्र्यावर फवारायचा काळा रबरी थर) मारा, थांबेल. मारावं का?

उत्तर : आत्ता अजिबात नको. तिथे फोड दिसतो तेव्हा गंज बहुतेक वेळा आतून बाहेर आलेला असतो. मागच्या चाकावरच्या कमानीच्या काठाला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. त्या दुमडीत चिखल बसतो आणि तुमच्याकडच्या पावसात तो वाळतच नाही. वरून काळं कोटिंग मारलं की ओल आत कोंडते. बाहेरून सगळं झकास, आत पत्रा संपत चाललेला.

आधी गाडी पक्क्या स्टँडवर घेऊन चाक उतरवा; नुसत्या जॅकवर काम नको. कमानीच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर, म्हणजे लायनर, काढताना क्लिपा तुटतातच, जादा आणून ठेवा. हातमोजे घालून दुमडीतला चिखल बांबूच्या कामटीने कोरा, धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळू द्या. मग फोडावर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. रुतलं तर पत्रा गेला. तो कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागेल. भोकात पुट्टी भरून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. पुट्टी ओल शोषते आणि पुढच्या पावसाळ्यात फोड पुन्हा हजर.

पत्रा घट्ट असेल तर वायर ब्रश आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासा. एका बाजूच्या कमानीतून इंधन भरायचा नळा जातो. तिथे ग्राइंडर किंवा वेल्डिंगची ठिणगी उडू देऊ नका. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. घासल्यावर थिनरने पुसून एपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या, सांध्यावर सीम सीलर (फट बुजवणारी लवचिक पेस्ट) लावा आणि मग रंग. अंडरकोटिंगची पाळी त्यानंतर. फवारताना ब्रेकची डिस्क, कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग), ब्रेकचे पाइप, एबीएस सेन्सर (चाकाचा वेग मोजणारा) आणि शॉकअपचा दांडा झाकून घ्या. दुमडीत आणि बंद पोकळीत मात्र कॅव्हिटी वॅक्सच (पोकळीत फवारायचं मेण) हवं. ते पातळ असल्याने फटीत शिरतं आणि मऊ राहतं. रबरी थर कडक होऊन चिरला की त्याच चिरेतून पाणी शिरतं. वॅक्स दरवर्षी मे महिन्यात तपासा. दारांखालच्या पट्टीची निचऱ्याची भोकं कोटिंगने बुजली नाहीत ना, तेही बघा. कित्येक गाड्या याच चुकीने सडतात.

प्रश्न : पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल मारायची आपल्याकडे पद्धत आहे. चालेल का?

उत्तर : नको. रबरी बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) फुगून मऊ पडतात, धूळ चिकटून लगदा होतो आणि थेंब डिस्कवर उडाले तर ब्रेक लागणार नाहीत.

प्रश्न : मालवणला जाऊन आलं की, किंवा ऊसतोडीच्या दिवसांत रस्ता चिखलाने भरला की, चाकं किती वेळा धुवावीत?

उत्तर : किनाऱ्यावरून आल्यावर दुसऱ्याच दिवशी, साध्या पाण्याने. मीठ हवेतली ओल ओढतं आणि गंज झपाट्याने वाढवतं. ट्रॉल्यांचा चिखल वाळून घट्ट व्हायच्या आत काढा. आठवड्यातून एकदा पुरे. प्रेशरचा नोझल फूटभर लांब धरा, नाहीतर सुटत आलेल्या रंगाखाली पाणी घुसतं. पुढची चाकं धुताना स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, मग दुसऱ्या बाजूला. लायनरच्या मागचा कोपरा त्याशिवाय दिसत नाही. लायनर कापडी असेल तर तो ओल जास्त वेळ धरतो, म्हणून धुतल्यावर लगेच गाडीवर कव्हर टाकू नका.