राज्यस्तरीय ट्रॅव्हल डिमांड मॉडेलिंगमधील करिअर: नोकरी घेण्याआधी मॉडेल कोणाच्या ताब्यात राहते ते विचारा

चिपळूणच्या सदस्यांनी विचारले आहे की वाहतूक अभियांत्रिकीत एम.टेक. झाल्यावर मुंबईतील सल्लागार कंपनीत वाहनगणना आणि डीपीआरमधील (सविस्तर प्रकल्प अहवालातील) वाहतुकीचे प्रकरण एवढेच काम वाट्याला येत असताना, राज्यस्तरीय मॉडेलिंगमध्ये, म्हणजे राज्यभर कोण कुठून कुठे आणि कशाने प्रवास करेल याचा गणिती अंदाज बांधण्यात, प्रावीण्य कसे मिळवावे. सोबत त्यांची तक्रार आहे की आधीच्या अभ्यासाची आकडेवारी मागितली की संबंधित कार्यालय फक्त छापील अहवाल हातावर ठेवते. ही तक्रार वाचूनच मी उत्तर लिहायला घेतले. मॉडेलचे चार टप्पे, ग्रॅव्हिटी मॉडेल, लॉजिट या पाठ्यपुस्तकातल्या गोष्टींवर काही लिहीत नाही. ते तुम्हाला येत असणारच.

आमच्याकडे कोकणपट्टीचा एक प्रादेशिक अभ्यास होता. एका सरकारी कार्यालयाने पूर्वी करून घेतलेले ओडी सर्वेक्षण (प्रवास कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो याची नोंद) उपलब्ध आहे, असे निविदेत नमूद असल्याने नव्या सर्वेक्षणासाठी कंत्राटात जवळजवळ तरतूदच नव्हती. मॅट्रिक्सची, म्हणजे कोणत्या झोनमधून कोणत्या झोनमध्ये किती फेऱ्या होतात या तक्त्याची, एक्सेल फाइल मिळाली; ओळींना आणि स्तंभांना झोनचे (अभ्यासासाठी पाडलेल्या भागांचे) क्रमांकही होते. मात्र कोणता क्रमांक म्हणजे कोणता भाग हे सांगणारी नकाशाची फाइल आली नाही. अहवालाच्या परिशिष्टात नकाशा होता, पण मूळ ए-३ आकाराचे ते पान ए-४ वर झेरॉक्स केलेले असल्याने खाडीची रेघ आणि तालुक्याची हद्द एकमेकींत मिसळली होती आणि दापोली-गुहागरच्या बाजूच्या क्रमांकांचे नुसते काळे ठिपके झाले होते. कार्यालयाचे म्हणणे, फाइल जुन्या सल्लागाराकडे आहे. सल्लागाराचे म्हणणे, सर्व साहित्य कार्यालयाला सुपूर्द केले आहे. आमच्या प्रत्येक पत्राला 'अहवालाची प्रत आपणांस यापूर्वीच देण्यात आलेली आहे' असे ठरलेले उत्तर येई, आणि ज्या टेबलावरून ते येई त्या टेबलाला झोनचा नकाशा म्हणजे काय हे समजावून घेण्यातही रस नव्हता.

यात एवढे काय बिघडले, असे रस्तेबांधणीतील मित्र विचारतात. दाभोळ दापोली तालुक्यात आणि समोरचे धोपावे गुहागर तालुक्यात आहे. फेरीबोटीने खाडी ओलांडली की पोहोचलात, पण रस्त्याने जायचे तर खेड-चिपळूणच्या बाजूने मोठा वळसा पडतो. जयगड-तवसाळ आणि वेसवी-बागमांडला येथेही तोच प्रकार आहे. अशा ठिकाणी दोन झोनची अदलाबदल झाली, किंवा नेटवर्कमध्ये (मॉडेलमधील रस्त्यांच्या जाळ्यात) फेरीबोटीची लिंक तिच्या थांबण्याच्या वेळेसह घातली नाही, तर शेजारच्या गावी बाजाराला जाणारा माणूस मॉडेलच्या लेखी लांबचा प्रवासी ठरतो, आणि कॅलिब्रेशनमधून (मॉडेलचे गुणांक प्रत्यक्ष आकडेवारीशी जुळवण्यातून) निष्कर्ष निघतो की इथल्या लोकांना अंतराची फारशी पर्वा नाही. अंतराचा तो चुकीचा गुणांक पुढे राज्यभर लागू होतो.

झोनच्या एकूण फेऱ्या तालुक्यांच्या लोकसंख्येशी ताडून क्रमांक ओळखण्याचा प्रयत्न झाला, पण काही तालुके जोडलेले आणि काही फोडलेले असल्याने तो फसला. शेवटी वरिष्ठांच्या आदेशाने वाहनगणनेवरून मॅट्रिक्स 'अंदाजित' करण्यात आली. ही युक्ती शिकून घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. पुरेशी मोकळीक दिली की ती कोणतीही मॅट्रिक्स गणनेशी जुळवून दाखवते. महामार्ग ६६ वरील सगळे आकडे बसतात आणि कोण कुठून कुठे चालले आहे याचा मात्र पत्ता नसतो. ते मॉडेल स्वीकारले गेले. त्याच्या भविष्यकालीन आकड्यांवर मी आजही पैज लावणार नाही.

म्हणून माझे ठाम मत, जे सल्लागार कंपन्यांत अनेकांना पटणार नाही: या क्षेत्रातील प्रावीण्य एकच मॉडेल अनेक वर्षे सांभाळण्यातून येते. जुन्या पायाभूत वर्षाच्या आकडेवारीवरून बांधलेला अंदाज प्रत्यक्षात कुठे चुकला हे पाहायला तुम्ही आणि मॉडेल दोघेही एका जागी टिकायला हवेत. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने १९९० च्या दशकापासून अर्थव्यवस्था, जमीनवापर आणि वाहतूक यांची सांगड घालणारे राज्यस्तरीय मॉडेल जोपासले आणि टप्प्याटप्प्याने सुधारले. आपल्याकडे मुंबई महानगर प्रदेशासाठी ट्रान्सफॉर्म या सर्वंकष वाहतूक अभ्यासासारखे मोठे काम झाले, पण महानगराबाहेर पडलात की बहुतेक कामे प्रकल्पापुरती उभी राहतात आणि अंतिम देयकाबरोबर संपतात.

परदेशी कंपन्यांच्या भारतातील कार्यालयांत ब्रिटन-ऑस्ट्रेलियाची मॉडेले चालवण्याच्या नोकऱ्या असतात. दूरवरच्या रस्त्यांसाठी राबणे म्हणून त्यांची हेटाळणी होते, तरी सुरुवातीची काही वर्षे तेथे काढावीत असे मी सुचवीन, कारण प्रत्येक गृहीतक लिहून ठेवण्याची शिस्त तेथे सक्तीची असते. (जीईएच, म्हणजे मॉडेलचा आकडा आणि प्रत्यक्ष गणना यांतील तफावतीचे माप, पाचाच्या आत असावा, हा निकष तासाच्या वाहतुकीसाठी आहे; आपल्याकडे तो दिवसभराच्या आकड्यांना लावलेला मी पाहिला आहे.) सॉफ्टवेअरच्या प्रमाणपत्रांवर मात्र पैसे घालवू नका. एक्विलिब्राए हे मॉडेलिंगचे सॉफ्टवेअर मोफत आहे, पायथनवर चालते, आणि एकदा ट्रिप असाइनमेंट (फेऱ्या कोणत्या रस्त्यांवर पडतील हे ठरवणे) नीट समजली की क्यूब, व्हिसम किंवा ट्रान्सकॅड ही विकतची सॉफ्टवेअर हाताला लवकर बसतात.

कोकणातले असण्याचा फायदा मात्र सोडू नका. सरासरी दिवसाच्या मॉडेलमध्ये येण्याजाण्याच्या फेऱ्या साधारण समतोल धरल्या जातात. गणेशचतुर्थीच्या आधी चाकरमानी एकाच दिशेने दक्षिणेकडे येतात आणि गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर उलटे जातात, तेव्हा तो समतोल कोलमडतो. घरोघरी एका दिवसाची प्रवासनोंद घेणाऱ्या सर्वेक्षणात असे लांबचे, क्वचित होणारे प्रवास जवळजवळ सापडतच नाहीत. अमेरिकेने १९९५ मध्ये शंभर मैल व त्याहून लांबच्या प्रवासांसाठी वेगळे सर्वेक्षण केले ते याचसाठी. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि प्रवासाचे साधन यांचे तक्ते आहेत, पण ते 'इतर कामगारां'चे आहेत. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगांतील माणसे त्यांत नाहीत, हे कोकणात विसरून चालणार नाही. एसटीची आकडेवारी मागताना बसफेऱ्या मागू नका, तिकीट यंत्रातील टप्पानिहाय नोंदी मागा. आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धे तिकीट लागू झाल्यानंतरच्या नोंदी आधीच्या नोंदींशी थेट जोडू नका.

हे सर्व खासगी सल्लागार क्षेत्रातील अनुभवावरून लिहिले आहे. प्राधिकरणात किंवा संशोधन संस्थेत काम करणाऱ्या सदस्यांनी माझे म्हणणे अवश्य खोडावे.

आता तुमच्या थेट प्रश्नाबद्दल. सध्याची नोकरी लगेच सोडू नका, पण पुढच्या मुलाखतीत तीन गोष्टी विचारा: याआधीच्या मॉडेलच्या मूळ फाइली आज कोणत्या संगणकावर आहेत, त्या उघडू शकणारा माणूस अजून कंपनीत आहे का, आणि प्रकल्प संपल्यावर झोनचा नकाशा व नेटवर्क ग्राहकाला कोणत्या स्वरूपात दिले जाते. 'अहवाल देतो' एवढेच उत्तर आले, तर पगार कितीही असला तरी तेथे तुम्ही आज करता आहात तेच काम कराल. आणि सध्याच्या प्रकल्पात, कोणी सांगो वा न सांगो, झोन क्रमांकासमोर गावांची जनगणना संकेतांकासह यादी असलेली साधी फाइल मॅट्रिक्सबरोबरच सुपूर्द करा आणि पोच घ्या.