तुझा बाप्तिस्मा खरा आहे

प्रिय बाळ,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. पुण्याच्या त्या खोलीत तुम्ही तिघी राहता, रात्री झोपण्याआधी तिघीही प्रार्थना करता आणि रविवारी सकाळी मात्र तीन दिशांना जाता, हे तू फार कळवळून लिहिले आहेस. वसईची मैत्रीण मिस्साला जाते, तू आपल्या उत्तर भारतीय मंडळीच्या उपासनेला जातेस आणि तिसरी एका पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या वर्षावावर भर देणाऱ्या, संगतीत जाते. त्या संगतीतल्या एका वडीलधाऱ्या बंधूंनी तुला सांगितले, की तान्हेपणी कपाळावर पाणी घातले तो बाप्तिस्माच नव्हे; पुढच्या महिन्यात नदीवर ये, पाण्यात उतर, म्हणजे तू खरी ख्रिस्ती होशील. त्यावर तू मला विचारतेस, की मग गेली तेवीस वर्षे मी कोण होते?

या प्रश्नाचे उत्तर मी पत्राच्या शेवटासाठी राखून ठेवत नाही. तू ख्रिस्ती होतीस आणि आहेस. पाणी होते, ते पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने घातले गेले होते, आणि पुढे समज आल्यावर तू सगळ्या मंडळीसमोर उभी राहून तो विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल केलास. हे माझे एकट्याचे मत नाही. तुझी वसईची मैत्रीण ज्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेची आहे, तीही पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा खरा मानते. उद्या तू तिच्या ख्रिस्तसभेत गेलीस तरी तुला पुन्हा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, देणार नाहीत. पौलाने इफिसकरांस लिहिताना एक प्रभू आणि एक विश्वास यांच्या जोडीला एकच बाप्तिस्मा ठेवला आहे, हे ते पान काढून पुन्हा एकदा वाच.

पण त्या बंधूंवर रागावू नकोस. नव्या करारात ज्यांच्या बाप्तिस्म्याचे सविस्तर वर्णन आहे, ती माणसे वचन ऐकून, विश्वास ठेवून पाण्यात उतरलेली आहेत आणि बाप्तिस्मा या मूळ ग्रीक शब्दातच बुडवण्याचा अर्थ आहे. त्यांचा आग्रह शास्त्र वाचूनच आलेला आहे. माझे त्यांच्याशी दुमत आहे ते एवढ्यापुरतेच, की देवाने आपल्याला हाक मारली ती आपण उत्तर देण्याआधी मारली, आणि तान्ह्या लेकराच्या कपाळावरचे पाणी याचीच साक्ष देते, असे मला मनापासून वाटते.

या दोन मतांची माणसे एका मंडळीत नांदू शकतात का, असा प्रश्न तुझ्या मनात आला असेल. तू स्वतः अशाच मंडळीत वाढली आहेस आणि हे तुला कोणी नीट सांगितले नाही, याची मला खंत वाटते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. त्यांत अँग्लिकन होते, काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन परंपरेचे लोक होते, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते, बाप्तिस्ट होते, डिसायपल्स होते आणि डहाणूकडचे व गुजरातेतले ब्रदरेन होते. ब्रदरेन लोक बाप्तिस्मा देताना माणसाला तीन वेळा पाण्याखाली नेतात आणि प्रीतिभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुतात. अँग्लिकनांकडे बिशप, तर काँग्रिगेशनल लोकांना आपल्या मंडळीवर बाहेरच्या कोणाची सत्ता ठाऊकच नाही. वाटाघाटी १९२९ साली सुरू झाल्या होत्या, म्हणजे एकमेकांना समजून घ्यायला चाळीस वर्षे लागली. शेवटी तान्ह्यांचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल करून मोठेपणी घेतलेला बाप्तिस्मा, या दोन्ही रीती एकाच मंडळीत मान्य झाल्या. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. नगरच्या आमच्या घरी ओट्यावर बसून वडीलधारी मंडळी रात्री उशिरापर्यंत बिशप या एका शब्दावर वाद घालत, आणि माझे वडील शेवटी म्हणत, की बिशप चालेल, पण दुसऱ्यांचे प्रभुभोजनाचे मेज वेगळे हे आता चालणार नाही. ते वाक्य मला तेव्हा कळले नव्हते.

आता थोडे मागे जाऊ, कारण आपल्याकडचे संप्रदाय कसे आले हे कळल्यावाचून या प्रश्नाची धार बोथट होत नाही. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली म्हणून तुझ्या मैत्रिणीचे पूर्वज कॅथॉलिक झाले. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आले म्हणून तुझ्या घराण्याला काँग्रिगेशनल वळण लागले. नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांच्याबरोबर स्कॉटिश मिशन आले आणि कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन आले. पुढे मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेतले, म्हणजे एका मिशनच्या क्षेत्रात दुसऱ्याने काम करू नये. तुझ्या पणजोबांनी चार संप्रदायांची विश्वासपत्रे समोर ठेवून त्यांतले एक निवडले नव्हते. त्यांच्या गावात जो उपदेशक चालत आला, ज्याने त्यांना ओसरीवर बसवले आणि त्यांच्या हातचे पाणी प्यायला, त्याची मंडळी त्यांची झाली. त्यांचा विश्वास त्यामुळे कमी खरा ठरत नाही. मात्र शेजारच्या तालुक्यात दुसरे मिशन आले असते तर आपणच त्या दुसऱ्या बाकावर बसलो असतो, ही जाणीव ठेवली म्हणजे त्या बाकावरच्या माणसाविषयी बोलताना जीभ सांभाळली जाते.

जे या वाटांनी आले नाहीत, ज्यांनी स्वतः शोधून ख्रिस्त स्वीकारला, त्यांना हे भेद जास्त टोचले. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन मंडळीत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर एकेका संप्रदायाची शिकवण दुसऱ्याहून किती वेगळी आहे हे पाहून त्यांची जी अवस्था झाली, तिला त्यांनी पुढे आपल्या साक्षीत बाबेलची उपमा दिली. ज्यांनी त्यांना विश्वासात वाढवले त्या वाँटेजच्या धर्मभगिनींशीही त्यांनी पत्रांतून कडाडून वाद घातला. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर शास्त्रात दिसेल तेच मानीन असा त्यांचा बाणा होता. पण या गोंधळाला कंटाळून त्या ख्रिस्तापासून दूर गेल्या नाहीत. केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले, दुष्काळातल्या मुलींना त्यांनी पोटाशी धरले, १९०५ साली तिथे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृतीची लाट, आले, आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणण्यासाठी त्या झटल्या. तुझ्या पेंटेकॉस्टल मैत्रिणीला हे अवश्य सांग, कारण ज्या आत्म्याच्या वर्षावाविषयी ती बोलते, त्याच्या इतिहासात केडगावचे नाव मानाने घेतले जाते. नारायण वामन टिळकांनीही १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची संगत मांडली आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. टिळक या बाबतीत माझ्याही पुढे गेले होते. मी मंडळीला इतके सैल धरू शकत नाही, पण त्यांची तळमळ मला समजते.

मंडळीला सैल धरू नये, हे मी तुला मुद्दाम सांगतो आहे. सगळी चर्चेस सारखीच, कुठेही गेले तरी चालते, असे तू पत्राच्या शेवटी लिहिले आहेस. ते वाक्य थकव्यातून आले आहे असे मी समजतो. ख्रिस्ती माणूस हवेत वाढत नाही. त्याला एक मंडळी लागते, जिथे त्याच्या आजारपणात कोणी भाकरी घेऊन येते, जिथल्या खजिनदाराशी त्याचे पटत नाही आणि तरी त्याच्याच शेजारी बसून प्रभुभोजन घ्यावे लागते. आपल्या मंडळीत पक्की राहा, आणि दुसरीकडे जाशील तेव्हा पाहुणीसारखी जा, म्हणजे त्यांच्या घराची रीत पाळून.

तुझी वसईची मैत्रीण मरियेची प्रार्थना करते याविषयी तू लिहिलेस. त्याचा अर्थ आपल्या लोकांकडून ऐकू नकोस, तिला विचार. ती सांगेल, की आपण मावशीला जसे म्हणतो, माझ्यासाठी प्रार्थना कर, तसे आम्ही मरियेला म्हणतो. त्या प्रार्थनेची सुरुवात तर लूकच्या पहिल्या अध्यायातल्या देवदूताच्या आणि अलीशिबेच्या शब्दांचीच आहे. तुला ते पटेलच असे नाही. मलाही सगळे पटत नाही. पण न विचारता मूर्तिपूजक म्हणणे म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देणे आहे, आणि दहा आज्ञांत त्याला स्पष्ट मनाई आहे.

एक दुखणे मात्र मी लपवणार नाही. काही वर्षांपूर्वी वसईला एका मित्राच्या अंत्यविधीला गेलो होतो. मिस्सात पवित्र भाकरी घेण्यासाठी बाकांमागून बाके उठली. मी बसून राहिलो. माझ्या शेजारी लाल लुगडे नेसलेल्या एक वृद्ध बाई होत्या. त्या जाऊन आल्या, गुडघे टेकून प्रार्थना केली, मग माझ्याकडे पाहिले आणि एक शब्दही न बोलता माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसल्या, शेवटचे गीत संपेपर्यंत. त्यांची ख्रिस्तसभा मला त्या वेदीशी बोलावत नाही. जिथे एकी पूर्ण झालेली नाही तिथे ती झाल्याची खूण मिरवू नये, असे ती मानते, आणि यात प्रामाणिकपणा आहे हे मी कबूल करतो. तरीही ते दुखते. सर्वांनी एक व्हावे अशी प्रार्थना प्रभूने धरून दिला जाण्याच्या रात्री केली, ती अजून पुरी झालेली नाही, हे त्या बाकावर मला जितके कळले तितके कोणत्याही परिषदेत कळले नाही. तुलाही असे बसावे लागेल. उठून बाहेर जाऊ नकोस.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. लग्ने जुळवताना आपले लोक संप्रदायाचे नाव पुढे करतात आणि पुष्कळदा मागे जात लपलेली असते. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या सरकारी आदेशामुळे ज्या दलित ख्रिस्ती कुटुंबांच्या सवलती गेल्या, त्यांना तू कॅथॉलिक की प्रॉटेस्टंट असे कोणत्याही कचेरीत विचारले गेले नाही. बाहेरच्यांनी आपल्याला एक धरले आहे, आणि आपण मात्र आतून भिंती घालत बसलो आहोत. याचा मला संताप येतो.

तर आता त्या बंधूंना काय सांगायचे? नम्रपणे सांग, की माझा बाप्तिस्मा झाला आहे, तो मी पुन्हा घेणार नाही, कारण पुन्हा घेतला तर देवाने पहिल्या वेळी काहीच केले नव्हते असे म्हटल्यासारखे होईल. आईकडून तुझा दाखला मागवून घे, त्यावरची तारीख पाठ कर. पण त्या दिवशी नदीवर जा. तुझ्याच वयाची कोणी मुलगी आयुष्यात पहिल्यांदाच येशूचे नाव घेऊन पाण्यात उतरणार असेल, तिच्यासाठी गाणाऱ्यांत तुझाही आवाज असू दे. जाताना दोन-तीन कोरडे टॉवेल बरोबर घे. पहाटेचे पाणी फार गार असते, आणि बाहेर येणाऱ्यांना ते लागतात.

तुझा,
पाळक काका